कोळसा, वाळू, राख

पनवेलचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे बहुतेक पनवेलकरांना ठाऊक नसतं. १९४९ साली जे. बी. ऑडेन यांनी कोकणपट्टीतल्या लाव्हाच्या थरांना पडलेल्या एका लांबलचक बाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ असं नाव दिलं. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. पनवेलच्या आसपास आले की ते समुद्राकडे कलायला लागतात, गादीची कड पलंगाखाली लोंबावी तसे. आमच्या भागातल्या कुठल्याही दगडखाणीच्या कापलेल्या भिंतीसमोर उभे राहा. वर तांबूस मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाशी काळा कुळकुळीत पाषाण, म्हणजे बेसाल्ट. या पाषाणाचं वय विचारलं तर उत्तर लगेच मिळतं: सुमारे साडेसहा कोटी वर्षं.

याच पाषाणावर माणूस पहिल्यांदा कधी वावरला, असं विचारलं की मात्र उत्तर देणाऱ्याची जीभ अडखळते. गेली दीडशे वर्षं ती अडखळतेच आहे. त्या अडखळण्याचीच ही कहाणी आहे.

अडचण समजायला एक हातकुऱ्हाड डोळ्यासमोर आणावी. आदिमानवाने हाताच्या पंजाएवढा दगड घेतला, दोन्ही बाजूंनी छिलके उडवले आणि टोक काढलं. तो दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे हे प्रयोगशाळा सांगेल, पण तो फोडला कधी, हे सांगणारं दगडात काही नाही. तेव्हा चौकशी करायची ती दगडाच्या शेजाऱ्यांकडे. त्याच्यासोबत गाडला गेलेला कोळसा, हाड, वाळूचा कण, राख. त्यांचं वय कळलं आणि ते सगळे एकाच वेळी गाडले गेले याची खात्री पटली, तर हातकुऱ्हाडीचं वय कळतं. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

अशा शेजाऱ्यांचा मुक्काम सगळ्यांत चांगला टिकतो तो शैलाश्रयात, म्हणजे डोंगराच्या नैसर्गिक कपारीत. वर छत असल्याने पाऊस थेट येत नाही, माणूस पिढ्यान् पिढ्या तिथेच परततो आणि प्रत्येक मुक्कामाचा कचरा आधीच्या कचऱ्यावर साचत जातो. माळ्यावरच्या रद्दीच्या गठ्ठ्यासारखं असतं ते: खालचा कागद जुना, वरचा नवा.

सह्याद्रीने नेमकी इथेच कंजुषी केली आहे. आपल्याकडे लेणी खंडीभर, पण कार्ले, कान्हेरी, कोंडाणे ही सगळी माणसाने छिन्नीने कोरलेली. कर्नाळा किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याची टाकी आणि कोठारंही खोदलेलीच. त्यांचा काळ शिलालेखावरून, अक्षरांच्या वळणावरून लावता येतो आणि तो फार तर दोन-अडीच हजार वर्षं मागे जातो. विंध्य-सातपुड्यातल्या वालुकाश्माला वाऱ्यापावसाने पोखरून जशा प्रशस्त ओसऱ्या तयार होतात, तशा बेसाल्टमध्ये क्वचितच होतात. कोकणात खाली उतरलं तर जांभ्याच्या काही गुहा सापडतात, पण तिथल्या धो धो पावसाची आम्ल माती हाडं खाऊन टाकते. शिवाय बेसाल्टमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण जवळपास नसतात. ही शेवटची उणीव वरवर क्षुल्लक वाटते. ती किती महागात पडली ते पुढे येईलच.

सुरुवातीच्या शोधकांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाचा नारळ फुटला. त्याच दशकात गोदावरीकाठी, मुंगी-पैठणच्या परिसरात, लुप्त झालेल्या जनावरांची हाडं असलेल्या थरात वाइन या भूशास्त्रज्ञाला अकीकाचा एक घडवलेला छिलका मिळाला. त्या काळी एवढंच म्हणता येई की ज्या अर्थी ही जनावरं आता नाहीत, त्या अर्थी माणूसही फार जुना. फार म्हणजे किती, याला उत्तर नव्हतं.

१९३०च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने मुंबईच्या उपनगरांत दगडी हत्यारांचा पिच्छा पुरवला. आज जिथे टॉवर उभे आहेत त्या कांदिवलीत त्याने एका नाल्याच्या कापात थर मोजले, प्रत्येक थरातली हत्यारं वेगळी ठेवली आणि १९३९ साली ती माहिती प्रसिद्ध केली. काम नेटकं होतं. पण काळ ठरवायची रीत काय, तर युरोपातल्या हत्यारांशी आकाराची तुलना. तिकडे अशी हत्यारं अमुक हिमयुगात मिळतात, म्हणून इकडचीही त्या सुमाराची. लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसाचं वय त्याच्या चुलतभावाच्या केसांवरून ठरवण्यातला हा प्रकार. दुसरा काही उपाय नव्हता, म्हणून टॉडला दोष देववत नाही.

उपाय आला शिकागोहून. विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली कार्बन-१४ पद्धत जगापुढे मांडली. १९६० साली लिबींना तिच्यासाठी नोबेल मिळालं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणातल्या नायट्रोजनवर आदळून किरणोत्सारी कार्बन घडवतात. झाडं तो हवेतून घेतात, झाडांतून तो जनावरांत आणि माणसांत जातो. जीव गेला की आवक बंद होते आणि साठलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने घटत जातो: ५७३० वर्षांनी निम्मा, आणखी तेवढ्या वर्षांनी पाव. चुलीतल्या कोळशात किती उरला आहे ते मोजा, लाकूड तोडलं कधी ते कळेल.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुराविद हसमुख सांकलिया हा शोध ऐकून स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी १९५०च्या दशकात नेवाशाला उत्खनन केलं. तिथला ताम्रपाषाणयुगातला कोळसा थेट अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात गेला आणि उत्तर आलं: इसवी सनापूर्वी सुमारे साडेबाराशे. प्रवरेकाठच्या त्या रंगीत मडक्यांना पहिल्यांदाच एक आकडा मिळाला. तोवर इराणातल्या खापरांशी नक्षी जुळवून काळ बांधला जात होता.

पण कोळशाची पुडकी किती दिवस परदेशी पाठवायची? याचं उत्तर मुंबईतच तयार होत होतं, तेही पुरातत्त्वाशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः वैश्विक किरणांचे अभ्यासक. बर्नार्ड पीटर्स आणि तरुण देवेंद्र लाल यांच्या गटाने १९५०च्या दशकात पावसाच्या पाण्यात वैश्विक किरणांनी घडवलेलं बेरिलियम शोधून काढलं होतं. अत्यंत क्षीण किरणोत्सर्ग मोजण्याचं कसब या मंडळींच्या हातात होतंच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कार्बन-१४ची प्रयोगशाळा उभी केली. शीला कुसुमगर, डी. पी. अग्रवाल आणि लाल यांच्या नावाने तारखांच्या याद्या छापून येऊ लागल्या आणि त्यातल्या प्रत्येक नमुन्याला ‘टीएफ’ हा शिक्का असे. जुन्या उत्खननांच्या अहवालात टीएफ दिसलं की समजावं, हा कोळसा मुंबईला जाऊन आला आहे. १९६४ साली अग्रवालांनी याच तारखांच्या जोरावर सिंधू संस्कृतीचा कालखंड आखडता घ्यावा लागेल असं ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, तेव्हा बऱ्याच ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या.

कोळशाचं हे काम जवळून पाहिलं की त्यातली सोवळ्याओवळ्याची शिस्त लक्षात येते. खड्ड्यात काळा ठिपका दिसला की त्याला हात लावायचा नाही. स्वच्छ चिमट्याने किंवा करणीने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचा; साधा कागद किंवा कापूस नको, कारण तोही कार्बनच. प्रयोगशाळेत भिंगाखाली त्यातली केसाएवढी मुळं वेचून काढायची, कारण कालच्या पावसात उगवलेलं एक मूळ दहा हजार वर्षांच्या कोळशाला तरुण करून टाकतं. मग आम्लाची आंघोळ, अल्कलीची आंघोळ, पुन्हा आम्लाची. त्यानंतर तो जाळून त्याचा वायू करायचा, जाड धातूच्या कवचातल्या मोजणीयंत्रात भरायचा आणि तासन् तास टिकटिक मोजत बसायचं. तेवढं करून हाती आलेल्या आकड्याला शेवटी ‘अधिक-उणे’ जोडायचं.

१९७०च्या दशकात लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, मोजणीचं कामही तिकडे गेलं आणि टीएफच्या जागी ‘पीआरएल’ आलं. पण या घड्याळाची मर्यादा तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकली होती. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे कार्बन-१४ इतका कमी उरतो की मोजणं न मोजणं सारखंच. हातकुऱ्हाडी त्याहून कितीतरी जुन्या.

त्याच दशकात पुण्याच्या मंडळींना हवा तसा शैलाश्रय मिळाला, पण महाराष्ट्राबाहेर. नीमचच्या मराठी घरात जन्मलेले विष्णु श्रीधर वाकणकर हे चित्रकार आणि पुराविद. १९५७ साली भोपाळकडच्या रेल्वेप्रवासात त्यांना खिडकीतून डोंगरमाथ्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे खडक दिसले. असे खडक त्यांनी चित्रांच्या शोधात आधी पाहिले होते, म्हणून ते पुन्हा तिथे गेले. ती भीमबेटका. शेकडो कपारी, आणि कित्येकींच्या भिंतींवर गेरूने आणि पांढऱ्या रंगाने काढलेली जनावरं, शिकारी, नाचणारी माणसं. खिडकीतून डोंगर सगळेच पाहतात; वाकणकरांनी उतरून पाहिलं, हे मला त्या गोष्टीत विशेष वाटतं.

चित्रं भिंतीवर होती, पण काळ जमिनीत होता. १९७३ ते १९७६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी तिथल्या ‘तीन एफ-२३’ या क्रमांकाच्या कपारीत सुमारे ४ मीटर खोल खणलं. वरच्या थरांत मध्याश्मयुगातली नखाएवढी सूक्ष्मास्त्रं मिळाली. त्याखाली उत्तर पुराश्मयुग, त्याखाली मध्य पुराश्मयुग आणि अर्ध्याहून अधिक खोलीभर अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि फरश्यांचा काळ. तळाकडच्या थरांत चक्क दगडी लाद्या मांडलेल्या आढळल्या. एकाच छताखाली, एकही पान न फाटता, लाखो वर्षांची वही हाती आली होती.

फक्त वहीवर तारखा नव्हत्या. माती आम्ल असल्याने अश्युलियन थरांत हाडाचा तुकडा शिल्लक नव्हता आणि कार्बन-१४ तिथवर पोचणारच नव्हता. वरच्या थरांत कोळसा होता, पण तो काढताना प्रत्येक वेळी शंका यायची. कपार काही आदिमानवाने कुलूप लावून सोडली नव्हती. उंदीर-घुशींनी बिळं केली, वाळवीने माती वरखाली केली, गुराख्यांनी आणि बैराग्यांनी ऐतिहासिक काळातही धुनी पेटवली. वरचा कोळसा बिळातून घरंगळत दोन हात खाली गेला की खालच्या थराचं वय पार बदलून जातं. भीमबेटकातून निघालेली ठाम गोष्ट क्रमाची होती: कशानंतर काय. कधी, हे बरंचसं मोकळंच राहिलं. मिश्रांच्या त्या उत्खननाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. क्रम पक्का नसेल तर तारीख कुठे चिकटवायची हेच कळत नाही.

महाराष्ट्राला आपली एक पक्की जुनी तारीख मिळाली ती एका अनपेक्षित वस्तूवरून. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळींनी १९७०च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. एका तुकड्यावर तर आडव्या रेघांमध्ये जाळीसारखी नक्षी कोरलेली. खानदेशात शहामृग! अंड्याचं कवच म्हणजे चुनखडी, आणि चुनखडीत कार्बन असतोच. कवचाची मोजणी झाली आणि आकडा आला सुमारे २५,००० वर्षं. पुढे २०१७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतला डीएनए तपासून ती खरोखरच शहामृगाची असल्याची खातरजमा केली. दागिना आणि त्याची तारीख एकाच वस्तूत मिळणं ही या धंद्यातली चैन आहे. एरवी कोळसा एकीकडे आणि हत्यार दुसरीकडे, मध्ये शंका.

त्याहून मागे जायला वाळूचा कण उपयोगी पडला. गारेचा किंवा फेल्डस्पारचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या अत्यल्प किरणोत्सर्गाचा मार त्याला बसत राहतो आणि त्याची ऊर्जा कणाच्या जाळीत अडकून साठत जाते. कण उन्हात आला की सगळा साठा रिकामा होतो. म्हणजे शेवटचं ऊन कधी लागलं, तिथपासून हे घड्याळ चालतं. प्रयोगशाळेत कणाला उष्णता किंवा ठरावीक प्रकाश दिला की तो साठा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडतो. तो मोजायचा आणि दर वर्षी किती मार बसत होता त्याने भागायचं. अहमदाबादचे अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांचं वय या पद्धतीने काढलं आणि ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. मिश्रा आणि शरद राजगुरू हे डेक्कन कॉलेजचे लोक तेव्हा डिडवाण्याच्या टेकड्यांत अश्मयुगाचा माग काढत होतेच. मारवाडच्या वाळूत पुण्याचं पुरातत्त्व आणि अहमदाबादचं भौतिकशास्त्र यांची गाठ पडली.

ही पद्धत तशीच उचलून दख्खनला आणता आली असती तर फार बरं झालं असतं. पण गारेचा कण हवा, आणि आपल्या काळ्या पाषाणात तो नाही. पैसा आहे, यंत्र आहे, माणूस आहे, पण वाळूच नाही, अशी गत.

मग दख्खनच्या मदतीला धावून आली ती समुद्रापलीकडची राख.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या नदीच्या गाळात करड्या-पांढऱ्या, पिठासारख्या मऊ मातीचा एक थर भूशास्त्रज्ञांना दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली ती माती म्हणजे काचेचा धारदार चुरा निघाली: ज्वालामुखीची राख. दख्खनचे ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले, म्हणजे राख लांबून उडत आली होती. आणि तिच्याशी निगडित असलेल्या नदीच्या खडीत अश्युलियन हत्यारं मिळत होती. शैलाश्रय नसलेल्या मुलखात निसर्गाने आभाळातून तारखेचा शिक्का मारला होता.

राखेचं घड्याळ पोटॅशियमवर चालतं. पोटॅशियम-४० अतिशय सावकाश मोडून त्याचा आर्गॉन वायू बनतो. लाव्हा तापलेला असताना वायू निसटून जातो. थंड होऊन काच झाली की तो आत कोंडला जातो. तेव्हा कोंडलेल्या आर्गॉनवरून स्फोट कधी झाला ते कळतं. १९८९ साली पहिला आकडा जाहीर झाला: सुमारे १४ लाख वर्षं. पुणे जिल्ह्यातल्या हातकुऱ्हाडी थेट आफ्रिकेच्या पंगतीला जाऊन बसल्या.

ती पंगत लवकरच विस्कटली. १९९५ साली शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी सुधारित पद्धतीने पुन्हा मोजणी करून ६.७ लाखांचा आकडा दिला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने राखेतल्या काचेची रासायनिक कुंडली मांडली आणि सांगितलं, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची राख आहे, वय जेमतेम ७५,००० वर्षं. चौदा लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एकाच गावच्या एकाच नदीच्या एकाच थराबद्दल.

चूक कोणाची, असं विचारण्यात फार अर्थ नाही; कारणं मात्र पाहण्यासारखी आहेत. कुकडीच्या गाळात राखेबरोबर काठच्या बेसाल्टची कचही मिसळलेली असते. साडेसहा कोटी वर्षांच्या कचेत आर्गॉन ठासून भरलेला. राखेच्या नमुन्यात तिचे चार कण जरी राहिले तरी वय लाखांनी फुगतं. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांच्या वर्गात एक नव्वदीचे आजोबा बसवून सरासरी काढावी, तसं. दुसरं, टोबाचा स्फोट एकदाच झालेला नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही तो फुटला होता आणि दोन्ही वेळच्या काचांचा चेहरामोहरा सख्ख्या भावांसारखा. तिसरं म्हणजे नदी. ती राख जिथे पडली तिथे राहू देईलच असं नाही. काठावरून धुऊन आणून नव्या गाळात पुन्हा पसरवते. २०११ साली बोरी आणि मोरगावच्या राखेचं गणित पुन्हा मांडलं गेलं तेव्हा आकडे सात-आठ लाखांच्या घरात आले, म्हणजे टोबाच्या जुन्या स्फोटाकडे. माझा कल तिकडेच आहे. हत्यारांची घडण पाहता पाऊण लाख फारच तरुण वाटतं, आणि चौदा लाखांत आजोबांची सावली दिसते.

या वादातून एक फायदा मात्र झाला. राखेचा माग काढायची सवय लागली. बोरीच्या पहिल्या गटातले रवी कोरीसेट्टर पुढे आंध्रातल्या ज्वालापुरमला टोबाच्या राखेच्या वर आणि खाली दोन्हीकडे हत्यारं शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात होते. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एवढा मोठा स्फोट होऊनही माणूस तिथून हद्दपार झाला नसावा, असं त्यावरून दिसलं. त्याच खोऱ्यातल्या एका शैलाश्रयात सूक्ष्मास्त्रांची परंपरा ३५,००० वर्षांपर्यंत मागे गेली. पाटण्याच्या शहामृगाला दहा हजार वर्षांनी वडीलधारा शेजार मिळाला.

आणि मुंबईच्या पावसाळी प्रयोगांचं देणं फिटलं ते २०११ साली, तामिळनाडूत. डेक्कन कॉलेजमध्ये शिकलेल्या शांती पप्पू यांनी अत्तिरमपाक्कमला वर्षानुवर्षं उत्खनन केलं होतं. जमिनीवर पडलेल्या गारेच्या कणात वैश्विक किरणांमुळे बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचे किरणोत्सारी प्रकार तयार होतात. कण खोल गाडला गेला की ही भर थांबते आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने मोडू लागतात. त्यांच्या प्रमाणावरून गाडले जाण्याची वेळ काढता येते. या गणिताचा पाया देवेंद्र लाल यांनी रचलेला. पप्पू आणि सहकाऱ्यांनी काढलेलं अत्तिरमपाक्कमच्या अश्युलियनचं वय सुमारे १५ लाख वर्षं. त्याआधी डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांच्या कर्नाटकातल्या इसामपूरला जनावराच्या दातावरून १२ लाखांचा अंदाज आला होता. भारतातला पहिला माणूस चार-पाच लाख वर्षांपूर्वीचा, असं शिकलेल्या पिढीला पुस्तकं बदलावी लागली. दख्खनच्या बेसाल्टवर हे घड्याळही चालत नाही, कारण पुन्हा तेच: गार नाही.

राहता राहिलं कोकण. २००६ साली अशोक मराठे यांनी गुहागर तालुक्यातल्या पालशेतच्या सुसरोंडी या गुहेत अश्युलियन हत्यारं मिळाल्याचं ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. जांभ्याच्या गुहेत, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर. अलीकडे कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं आणि तिथूनही दगडी हत्यारं निघाली. या गुहांना एरवीपेक्षा जास्त महत्त्व आहे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांमुळे. बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपी इथले हत्ती, मासे, माणसं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण उघड्या कातळावरच्या रेषेखाली माती नाही, रेषेत रंग नाही, शेजारी कोळसा नाही. खोदणारी माणसं कधी होती हे कातळ सांगणार नाही. सांगितलंच तर जवळपासच्या गुहेतली माती सांगेल.

सातपुड्यात गोष्ट उलटी आहे. अमरावती आणि बैतूलच्या सीमेवर धारूळजवळ, २००७ साली डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या अमरावतीच्या निसर्गप्रेमी मित्रांना चित्रांनी भरलेले शैलाश्रय सापडले. तिथे रंग भरपूर आहे, पण तो गेरूचा. गेरू म्हणजे लोखंडाची माती, तिच्यात कार्बनचा पत्ता नाही. चित्रात दिसणारी जनावरं नक्की कोणती यावर माणसं तावातावाने बोलतात आणि त्यावरून तीस-पस्तीस हजारांचे आकडेही फेकले जातात. चित्रातल्या जनावरावरून काढलेलं वय मला तरी टॉडच्या चुलतभावाची आठवण करून देतं. चित्रावर चुन्याचा पातळ पापुद्रा धरला असेल तर त्याचं वय निघू शकतं, किंवा पायाखालच्या मातीत गेरूचा घासलेला खडा कोळशाशेजारी मिळाला तर. दोन्हींसाठी खणावं लागतं, सावकाश.

कोकणातल्या गुहेत तर हंगामही आखूड. दिवाळीनंतर जमीन वाळते आणि मेच्या अखेरीस आभाळ भरून येतं. मधल्या सहा महिन्यांत काय ते. वाळूच्या नमुन्याचं काम त्यातही बहुतेकदा अंधार पडल्यावर किंवा काळ्या ताडपत्रीखाली चालतं, कारण उजेडाची तिरीप लागली तरी कणाचं घड्याळ शून्यावर येतं. थराच्या उभ्या भिंतीत पोलादी नळी आडवी ठेवून हातोड्याने ठोकत आत घालतात. माती गच्च भरली की नळी ओढून काढतात, दोन्ही तोंडं लगेच बंद करतात आणि काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर खूण करतात: थर कोणता, खोली किती, बाहेरचं टोक कुठलं. प्रयोगशाळेत लाल दिव्याच्या उजेडात ती उघडतात. दोन्ही टोकांची माती उजेडाला लागलेली असते, म्हणून ती खरवडून वेगळी ठेवतात. मातीतला किरणोत्सर्ग मोजायला ती चालते. वयासाठी घेतात ती फक्त मधली, मूठभर. त्या मुठीत गारेचे कण पुरेसे निघतात का, हे आधी पाहावं लागतं.